दार बंद

एकतीस वर्षं मी मळ्यातले मीटर वाचले.
लोक मला नावानं नाही, ‘लायटवालो’ म्हणून ओळखत:
महिन्याचा दुसरा मंगळवार, साडेदहा, कुत्रा बांधा.
आज रविवार. निवृत्त होऊन चौथं वर्ष.
तरी हात वरच्या खिशात पेन्सिल चाचपतो.

व्हाळाच्या काठानं चाललोय.
याच पुलावरून शाळेत जाताना
आम्ही नाक दाबून पळायचो.
आज पाण्यात बगळा उभा आहे.
बगळ्याचं काय, तो गटारातही उभा राहतो.
पण चोचीत शेवटो आहे, जिवंत, चकाकणारा;
यावर मात्र मी सही करीन.

दोन वर्षं हा रस्ता उकरलेला होता.
पापड वाळत घालायची सोय नव्हती,
सगुण भटजी सोवळं वर खोचून
फळ्यांवरून मारुतीला जायचे, शिव्या मनातल्या मनात.
आज तिथंच दोरी बांधून गाड्या अडवल्यात
आणि मधोमध टेबलं, एकाचीही उंची दुसऱ्याशी जुळत नाही:
कुणाचं जेवणाचं, कुणाचं इस्त्रीचं,
एक तर चक्क जुनं दार, दोन ड्रमांवर आडवं.
त्या दारावर एस्पेरान्सानं सान्नां मांडलीत.
शेजारी दिलशादबीची कढई, मिरचीचा ठसका.
रुझार घुमटाचं कातडं उन्हाला धरून बसलाय.
वाजव म्हटलं तर म्हणतो, ‘रांव रे, तापूं दे.’

शाबी मेरशीहून बसनं आलीय.
भाडं वाढलं तेव्हा गेली ती;
तिच्या खोलीला निळा रंग लागला, पाटी लागली,
आता तिथं चार-चार दिवसांचे पाहुणे उतरतात.
त्या निळ्या भिंतीला पाठ टेकून,
जिथं तिची तुळस होती तिथंच,
ती अबोलीचे वळेसर विकते.
‘बरं झालं, सुंदर झालं,’ म्हणते.
मग जरा थांबून: ‘दुपारचं पाणी येतं आता नळाला?’
येतं, म्हणालो.
ती पुढं काही बोलली नाही.
महिन्याला अठरा युनिट असायचे तिचे.
एक बल्ब, एक पंखा.

यमनूर पोराला घेऊन आलाय, इस्त्रीचा शर्ट घालून.
या गल्लीच्या फरशा त्यानं बसवल्या, गुडघ्यांवर.
बोटानं दाखवतो: ही माझी, ही माझी,
ती वाकडी मुकादमाची.
पोरगा एकेकीवर उडी मारून खात्री करून घेतो.
एस्पेरान्सा दोघांना सान्नां देते.
यमनूरचा हात आधी खिशात जातो.
ती रागावते पोर्तुगीजमध्ये,
तो हसतो कन्नडमध्ये,
पोरगा तोवर तिसरं सान्न संपवतो.

आणि फुर्तादांचं घर.
बावीस वर्षं मी इथं एकच आकडा लिहिला:
चार हजार चारशे एकाहत्तर.
माणसं स्विंडनला, छपरावर पिंपळ.
शेरा: दार बंद. दार बंद. दार बंद.
माझ्या अक्षरात इतक्या वेळा
दुसरं कुठलंच वाक्य नसेल, बायकोला लिहिलेलंसुद्धा.
आज पाहतो तर दारच नाही.
ते तर ड्रमांवर आहे, सान्नांखाली!
बिजागऱ्या गंजल्या म्हणून उतरवलं,
सुतार सोमवारी येतो म्हणालाय.

आत कॅरमची सोंगटी ठक्कन आपटते,
दिलशादबीची लेक शिवणयंत्राला तेल घालते,
फुर्तादांची नात झेल्मा नाकाला रुमाल बांधून
वाळवी झाडते आहे.
वर पंखा, कुरकुरत, पण फिरतोय.

मी सवयीनं कोपऱ्यात गेलो.
पेटी तीच, लोखंडी. जाळं पुसलं.
आत अॅल्युमिनियमची चकती,
तिच्यावरची लाल खूण
आली, गेली,
पुन्हा आली.
पावाच्या कागदावर लिहिलं:
चार हजार पाचशे दोन.

‘अंकल, बिल खूप येईल का?’ झेल्मानं विचारलं.
मी चष्मा पुसत राहिलो जरा जास्तच वेळ.
येईल, म्हणालो. येऊं दे.

बाहेर रुझारचं कातडं तापलं होतं.